बिबीजाननं न सांगितलेली नावं

मलिकाबी कबनूरला आमच्या शेजारी राहायच्या, भिंतीला भिंत लागून. हातमागवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरण्यात त्यांचा जन्म गेला. पण त्या मूळच्या कोल्हापूरच्या, मणेरांच्या, म्हणजे बांगडीवाल्यांच्या, घरातल्या. त्यांच्या आईला, बिबीजानला, महाराजांच्या राज्यात तीन महिन्यांची कैद झाली होती, आणि हे त्यांनी कधी कुणापासून लपवलं नाही. नवी सून शेजारी नांदायला आली की तिच्या कानावर दुसऱ्या कुणी घालायच्या आत त्या स्वतःच सांगून टाकायच्या. "माझी आई तुरुंगात जाऊन आल्याली हाय. चोरी न्हाई, मारामारी न्हाई. तिकिटं इकली म्हणून." पुढची हकीकत मात्र एका बैठकीत कधी निघाली नाही. मी ती तुकड्यातुकड्यानं ऐकली.

बिबीजानचा नवरा पहिल्या प्लेगात गेला. दीर चमन, त्याचं रविवार पेठेत बांगड्यांचं दुकान होतं. त्याच्याकडून माल घ्यायचा, टोपली डोक्यावर ठेवायची आणि घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायच्या, हा तिचा धंदा. दुकानात येणाऱ्या बायका वेगळ्या. ज्यांना उंबरा ओलांडायची मुभा नाही, अशांच्या घरी बिबीजान जायची. सरदारांच्या वाड्यात मागच्या दारानं, वकिलांच्या घरी पडवीतून, गुळाच्या अडत्यांच्या घरी सोप्यावर बसून. हाताला साबण लावून, बोटं एकात एक दुमडून, सांध्याचं हाड हळूच दाबत ती काच वर चढवायची. तेवढा वेळ त्या बाईचा हात तिच्या हातात असायचा आणि बाई बोलायची. नवऱ्याचं, सासूचं, न होणाऱ्या लेकराचं. बिबीजान "व्हय", "व्हय" करायची आणि टोपली उचलून पुढच्या घरी जायची. एका घरातलं दुसऱ्या घरात तिनं कधी नेलं नाही. नेलं असतं तर दारं उघडली नसती, हे तर झालंच. पण मलिकाबी म्हणायच्या की अम्मीचा स्वभावच तसा. घरातसुद्धा ती कुणाचं काही सांगायची नाही.

तिकडं युरोपात लढाई पेटली आणि ऑस्ट्रियाहून येणारी काच बंद झाली. होता त्या मालाचे भाव चढले. दोन्ही हात भरून घेणाऱ्या बायका आता फुटलेल्या बांगडीच्या जागी तेवढी एक घालून घेऊ लागल्या. मलिकाचं लग्न आजऱ्याच्या एका घरी ठरलं होतं. मुलगा दर्जी होता, माणसं बरी होती. थोडं काही जमवायला पाहिजे होतं आणि जमत नव्हतं.

अशा दिवसांत सयाजीराव वकिलांनी तिला एक काम सांगितलं.

सयाजीराव गावातल्या एका क्लबाचे चिटणीस. वकील, मामलेदार, शाळाखात्यातले अंमलदार संध्याकाळी तिथं टेनिस खेळायचे, पत्ते कुटायचे. त्या वर्षी जखमी शिपायांच्या फंडासाठी क्लबानं मोठा समारंभ धरला होता. बँड, कुस्त्या, चहापान आणि शेवटी सोडत. तिकिटं विकायची, त्यांचे नंबर डब्यात घालून सगळ्यांसमोर एक काढायचा, ज्याचा निघेल त्याला बक्षीस. बक्षीस होतं शिवणाचं यंत्र, नवंकोरं, पायानं चालवायचं.

बिबीजान त्या वेळी सयाजीरावांच्या पत्नीला, बाळाबाईंना, बांगड्या भरत होती. सयाजीराव आत आले, तिकिटांची चळत तिच्या टोपलीत ठेवली आणि म्हणाले, "बिबीजान, तू चार घरं फिरतीस. बायकास्नी सांग, पुण्याचं काम हाय, आन् नशीब असलं तर यंत्र घरी येतंय. तुझी मेहनत मी ठेवून घेनार न्हाई."

बाळाबाई हसून म्हणाल्या, "मग पैलं मलाच दे की एक." आणि त्यांनी खरंच एक घेतलं.

कायदा काय आहे ते बिबीजानला कुणी सांगितलं नाही. कायदा असा होता की सोडत म्हणजे जुगारच, फक्त दरबारनं परवानगी दिली तर तो जुगार नाही. क्लबाला परवानगी मिळाली होती, पण अटींवर. तिकिटं फक्त सभासदांना आणि त्यांच्या निमंत्रित पाहुण्यांना विकायची. क्लबाच्या आवारात आणि समारंभाच्या दिवशीच विकायची. बक्षीस रोख द्यायचं नाही, जमलेल्या पैशातून कुणी काही खायचं नाही. बाहेर, बाजारात, घरोघर तिकीट विकलं की ते परवानगीबाहेरचं, आणि विकणाऱ्याला कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हा हुकूम सयाजीरावांच्या नावानंच आला होता. पण सभासद तिकिटं घेईनात. फंडाला थोडी रक्कम दिली तर क्लबाची आणि आपली शोभा जाईल, ही सयाजीरावांना काळजी. बाईमाणसांनी घरात बसून चार-चार आण्याची तिकिटं घेतली तर कुणाला कळणार, असा त्यांनी विचार केला असावा. त्यांच्या डोक्यात वाईट काही नव्हतं, असं मलिकाबी म्हणायच्या. मी मात्र तसं म्हणणार नाही. हुकूम वाचलेला माणूस होता तो.

तिकिटं भराभर खपली. बायकांनी ती कणगीत, देवघरात, चोळीत लपवली. जमलेले पैसे बिबीजाननं वेळच्या वेळी वकिलांच्या हातात दिले.

शाहूपुरीत आण्णा म्हणून गुळाचे मोठे अडते होते. त्यांची थोरली सून तानाबाई, गगनबावड्याकडची. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि दुसरी सोयरीक बघायला माणसं जाऊन आली होती. तानाबाईच्या मनगटावर निळे वळ असले की बिबीजान तिथं बांगड्या सैल भरायची आणि विचारायची नाही. त्या दिवशी तानाबाईनंच विचारलं.

"बिबीमावशी, ह्या यंत्रावर बाई एकली पोट भरू शकती का?"

"भरती की. आजऱ्यात आमचं हुनारं व्याही त्याच्यावरच जगत्यात."

"मग द्या मला एक. घरात सांगू नगा. मला हितनं काढलं तर माहेरात भावजयीच्या हाताखाली भांडी घासत बसायचं न्हाई मला."

तिनं पैसे कुठून आणले ते बिबीजाननं विचारलं नाही. त्या घरात सुनेच्या हाती पैसा नसायचा, हे तिला माहीत होतं. म्हणजे कोठीतलं काहीतरी गुपचूप विकलं गेलं होतं.

समारंभ झाला. नंबर निघाला, पण तिकिटाचा धनी पुढं आला नाही. दुसऱ्या दिवशी बाळाबाईंकडून बिबीजाननं नंबर ऐकला, तो तोंडात घोळवत घरोघर फिरली. तानाबाई दोन इयत्ता शिकलेली. तिनं चोळीतून तिकीट काढलं आणि दोनदा वाचलं.

"माझाच हाय वो, मावशी."

तिनं तिकीट बिबीजानच्या हातात दिलं. मग तानाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "तुमीच जावा. यंत्र तुमच्या घरात ठेवा. येळ आली की मी येतो आन् नेतो."

बिबीजान दुपारी टोपली घरी ठेवून, धुतलेलं लुगडं नेसून क्लबात गेली. पडवीत सातआठ जण बसले होते. सयाजीरावही होते. तिनं तिकीट पुढं केलं. सयाजीरावांचा चेहरा पडला, पण त्यांच्या आधी शेजारच्या एका गृहस्थानं ते हातात घेतलं. चिटणीसपदासाठी सयाजीरावांविरुद्ध उभे राहून पडलेले गृहस्थ ते.

"बाई, हे तिकीट तुझ्याकडं कसं?"

बिबीजानला वाटलं, चोरी केली असं समजतायत. ती सरळ म्हणाली, "वकीलसायबांनीच दिल्यात की इकायला. समद्या गावात खपीवली मी."

पत्ते पिसणारा हात थांबला. सयाजीराव खुर्चीतून उठले.

"मी? मी सभासदांच्या घरी पोचवायला दिली होती तुला. गावात इकायला कुनी सांगितलं?"

"तुमीच की, सायेब. बाळाबाईच्या म्होरं."

"घरातल्या बाईमाणसाचं नाव घेऊ नगंस हितं!"

तिथून ती निघाली तेव्हा तिकीट त्या गृहस्थाच्या खिशात होतं. दोन दिवसांत तक्रार झाली. केरबा हवालदार तिला न्यायला आला. केरबा त्याच पेठेतला, मलिकाच्या बापाबरोबर तालमीत जाणारा. त्यानं तिला दोरी लावली नाही, चालवत नेलं, आणि वाटेत समजावलं.

"भाबी, ह्यात काय अवघड न्हाई. तू कुणाकुणाला तिकिटं दिलीस ती नावं सांग. त्या बायका म्हनत्याल, वकिलाच्या नावानं घेतली. म्हंजे तू नुसती पोचवनारी, आन् खरा आरोपी त्यो. नाव सांगितलं की सुटतीस."

"आन् त्या बायका?"

"त्यांचं काय? साक्ष द्याची आन् घरी जायाचं."

"घरी," बिबीजान म्हणाली आणि चालत राहिली.

कोर्टात तिनं एवढंच सांगितलं की तिकिटं वकीलसाहेबांनी दिली, बाळाबाईसमोर दिली, पैसे त्यांच्या हातात पोचले, बाळाबाईंना विचारा. तिचा भरवसा बाळाबाईंवर होता. बाई हसली होती, तिकीटही घेतलं होतं. पडद्यातली बाई कोर्टात येत नाही, म्हणून कारकून घरी जाऊन जबानी घेऊन आला. ती भर कोर्टात वाचून दाखवली. तिकिटांबद्दल मला काही माहिती नाही. ही बाई लबाड आहे, मागंही हिनं मला खोटा माल दिला होता.

मलिका चमनचाचाबरोबर मागं बसली होती. तिनं आईकडं बघितलं. "अम्मी रडली न्हाई," मलिकाबी सांगायच्या. "डोक्यावरचा पदर तेवढा दोनदा सारखा केला. खोटा माल म्हटल्यावर."

न्यायाधीश वयस्कर होते, आवाज चढवत नव्हते. त्यांनी तिला कायदा समजावून सांगितला. असा समजावला की कोर्टातल्या शिपायालाही कळावा. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं असेल. पण मला पुरावा लागतो. तू ज्यांना तिकिटं विकलीस त्यातल्या एकीचं नाव सांग. एकच. जे तिकीट घेऊन तू गेलीस, ते कुणाचं?"

"माझंच हाय, सरकार."

"तू स्वतः घेतलंस?"

"व्हय."

"आणि बाकीची?"

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. केरबा दारातून हातानं खुणा करत होता, बोल म्हणून. ती म्हणाली, "सरकार, मी बायकांच्या घरात जाती. माझ्या तोंडातनं कुनाचं नाव निघायचं न्हाई. तुमास्नी जे द्याचं ते द्या."

खटल्यापर्यंत बिबीजान जामिनावर घरी होती, तेव्हा आदल्या संध्याकाळी तानाबाईनं घरच्या मोलकरणीकडून निरोप पाठवला होता. तो निरोप मलिकानंच दारात घेतला. "माझं नाव आलं तर कोठीतला गूळ काढल्याचं निघंल. चोर म्हणून हाकलतील. माहेरचंबी दार बंद हुईल." एवढाच. बिबीजान ऐकून म्हणाली होती, "तिला सांग, काळजी करू नगं." पण तो निरोप आला नसता तरी अम्मी बोलली नसती, हे मलिकाबींचं ठाम मत होतं.

तीन महिने साधी कैद झाली. यंत्र सरकारजमा झालं. सयाजीरावांना निष्काळजीपणाबद्दल समज मिळाली आणि क्लबाला पुन्हा सोडत करायला मनाई झाली. फंडाची रक्कम मात्र पोचली होती. त्या रकमेबद्दल आभाराचं पत्र आलं, असं गावात बोललं गेलं.

ते तीन महिने मलिका चमनचाचाच्या घरी राहिली. आजऱ्याहून माणूस आला. त्यानं आरडाओरडा केला नाही. बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "पोरगी सोन्यासारखी हाय, पण आमच्यात तुरुंगवालीची पोरगी चालायची न्हाई." चमननं त्याला दारापर्यंत पोचवलं आणि येऊन मलिकाच्या अंगावर खेकसला, जणू तिनंच काही केलं होतं. वहिनीला पुन्हा माल द्यायचा नाही, हे त्यानं त्याच दिवशी ठरवलं. ह्याच्या दुकानाच्या बांगड्या तुरुंगवाली विकते असं झालं तर गिऱ्हाईक तुटेल, असं त्याचं म्हणणं.

बिबीजान सुटली ती वाळून आली होती. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. आत काय झालं ते तिनं सांगितलं नाही. आठवड्यानं ती टोपली न घेता सयाजीरावांच्या मागच्या दारी गेली. मलिका बरोबर होती. साहेब कोर्टात गेले होते. बाळाबाई दाराशी आल्या आणि तिथंच थांबल्या.

"बाईसायेब, येकच इचारायला आलोय," बिबीजान म्हणाली. "ठावं न्हाई म्हटलासा, ते मला कळतंय. मालक शेजारच्या खोलीत हुबं असणार. पण लबाड का म्हटलासा? खोटा माल कवा दिला मी?"

बाळाबाईंचे डोळे भरले. "त्यांनी जे लिहून दिलं ते मी म्हटलं गं."

"समदं?"

"समदं."

"येक शब्द तुमी गाळला असता तर कुनाला कळलं असतं?"

बाळाबाई आत गेल्या आणि गड्याकरवी जोंधळ्याचं एक पोतं बाहेर पाठवलं. बिबीजान बराच वेळ त्या पोत्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं ते उचलायला मलिकाला हात लावायला सांगितलं. दोघींनी ते घरी आणलं. मला वाटलं होतं, मलिकाबी म्हणतील की अम्मीनं पोतं लाथाडलं. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "घरात दाणा नव्हता, बाळ. आमी त्याच्या भाकरी खाल्ल्या. बऱ्या लागल्या."

जुन्या घरांची दारं उघडली नाहीत. ज्यांची नावं तिनं सांगितली नाहीत त्या बायकांनीही उघडली नाहीत. उलट त्यांनाच जास्त भीती. बिबीजान घरात दिसली तर सासू विचारणार, हिच्याकडनं तू तर नव्हतं घेतलंस? मग तिनं दुसऱ्या एका मणेराकडून उधारीवर माल उचलला आणि गंगावेशीत रस्त्याकडेला पोतं अंथरून बसू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या खेड्यातल्या बायका भरून घ्यायच्या. त्यांना तिचं काही माहीत नव्हतं.

दीड-दोन वर्षं गेली. मधल्या काळात इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली, केरबा हवालदार त्यात गेला. नवरात्रात एका दुपारी गंगावेशीत एक छकडा थांबला. त्यातून दोन बायका उतरल्या. एक कोवळी, अंगावर दागिने, कडेवर मूल. तिच्यामागं तानाबाई. आण्णांच्या घरात दुसरी सून आली होती, तिला मुलगाही झाला होता. पण तानाबाईला कुणी काढलं नव्हतं. ती त्याच घरात होती. तिच्या नावाला डाग नव्हता आणि थोरली म्हणून तिचं स्थान राहिलं होतं, खालच्या मानेनं का होईना.

धाकटी बिबीजानसमोर बसली, मूल तानाबाईकडं दिलं. "हिरव्या भरा, मावशी. चांगल्या घट."

बिबीजाननं तिचा हात घेतला. वर बघितलं तर तानाबाई रस्त्याच्या पलीकडं बघत होती. मूल खांद्यावर घेऊन, पाठ अर्धी वळवून.

"आक्का, तुमीबी भरा की," धाकटी म्हणाली.

"नगं मला."

"सणाचं नगं काय म्हणतायसा? मावशी, ह्यास्नीबी भरा."

"नगं म्हटलं न्हवं?" तानाबाई असं तोडून बोलली की मूल दचकून रडायला लागलं. ती त्याला थोपटत छकड्यात जाऊन बसली. जाताना तिनं एकदाही बिबीजानकडं बघितलं नाही.

छकडा गेल्यावर मलिका संतापली. "अम्मी, हीच न्हवं ती? हिच्यापायी तू तुरुंगात गेलीस, आन् ही वळख देईना?"

बिबीजान सांडलेलं साबणाचं पाणी फडक्यानं टिपत होती. "बरं केलं तिनं," ती म्हणाली. "वळख दिली असती तर ती पोरगी इचारती, कुठली वळख म्हणून." थोड्या वेळानं ती परत म्हणाली, "बरंच केलं." पण त्या दिवशी तिनं दुपारीच पोतं गुंडाळलं, सणाची गर्दी असताना, आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजली. मलिकाला तिचं रडणं ऐकू आलं. तुरुंगातून आल्यावरही ती रडली नव्हती.

पुढं मलिकाचं लग्न कबनूरच्या एका विणकराशी झालं. अल्लाउद्दीन त्यांचं नाव. बिजवर होते, पहिली बायको साथीत गेलेली. तुरुंगाचं त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, मला कांड्या भरणारी पाहिजे, कोर्टातलं काय घेऊन बसलाय. बिबीजान लेकीबरोबर कबनूरला आली आणि त्यानंतर तिनं बांगड्यांना हात लावला नाही. लेकीलाही दुसऱ्या मणेरणीकडून भरून घ्यायला लावायची. तीनचार वर्षं जगली. शेवटच्या तापात ती बरळायची, तेव्हा मलिका तिच्या तोंडाशी कान लावून बसायची. आता तरी ती नावं येतील असं तिला वाटायचं. अम्मी पाणी मागायची, आणि नवऱ्याला हाक मारायची.